सतराव्या पानावरचा नियम

त्या शनिवारी सकाळी मी फक्त झेरॉक्स काढायला बाहेर पडले होते. माझ्या हाताने लिहिलेल्या वहीची चोवीस पानं, दोन दोन प्रती. दुकानदार पानं चाळत म्हणाला, "बाई, कसला क्लास काढलात?"

"क्लास नाही. खेळ आहे."

"एवढे नियम? संसाराला तरी असतात का एवढे?"

या खेळावरून हसणाऱ्यांची मला सवय झाली आहे.

खेळ माझ्या मुलाने आणलेला. अमरदीप मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत ऑइलर आहे. गेल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा कुठल्याशा परदेशी बंदरातून हा भलामोठा खोका घेऊन आला. खोका उघडला, आतली लाकडी गलबतं टेबलावर ओतली, हिरवं उचललं आणि म्हणाला, "आई, हे माझं." चार दिवसांनी त्याला बोलावणं आलं. एकही डाव न खेळता तो गेला. जाताना मला म्हणाला, "तू शिकून ठेव. मी आलो की मला शिकव."

मी दहावी झालेली बाई. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, बारीक अक्षरात. डिक्शनरी घेऊन तीन महिने बसले आणि एकेक ओळ मराठीत उतरवली. लेकाने सांगितलेलं काम होतं, अर्धवट कसं टाकणार?

तसा खेळ अवघड आहे, पण समजून घेतला तर सरळ आहे. पटावर मधे समुद्र आणि कडेला तीन बंदरं. चार गडी, प्रत्येकाचं एक गलबत. वाऱ्याचं पान ओढायचं, गलबत हलवायचं, एका बंदरात माल, म्हणजे लाकडी ठोकळे, भरायचा आणि दुसऱ्यात उतरवायचा. एका बंदरात एकच गलबत मावतं. अशा सहा फेऱ्या. सहावीच्या शेवटी वादळ येतं आणि जे गलबत उघड्या समुद्रात सापडेल ते बुडतं. झालं. पण हेच समोर माणसं बसवून सांगायला लागलं की दीड तास जातो, कारण कुणी ऐकत नाही. माझी चिपळूणची नणंद पहिल्याच पानाला म्हणाली, "ल्युडोसारखंच ना?" बचत गटातल्या बायका दुसऱ्या पानावर असताना कुणाच्या तरी सुनेवर गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. आणि सगळ्यांचं पालुपद एकच, "आधी खेळूया गो. खेळता खेळता कळेल."

या वाक्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. खेळता खेळता कळत नाही. खेळता खेळता भांडणं होतात.

खरं सांगायचं तर त्या शनिवारी मला खेळायचंही नव्हतं. अमरचा फोन येऊन अकरा दिवस झाले होते. मुंबईचा एजंट सांगत होता, समुद्र खवळलेला आहे, बोट बंदराबाहेर थांबली आहे, संपर्क नाही, काळजी करू नका. माझी सून नम्रता दिवसभर फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. जेवायला बसली की भातात नुसती बोटं फिरवायची. हातांना काम हवं म्हणून मी पट मांडायचं ठरवलं आणि शेजारच्या आनंदीबाईंना बोलावलं. आनंदीबाई मूळच्या संगमेश्वराकडच्या, अंगणवाडीत मदतनीस होत्या. आता निवृत्त आहेत आणि दिवसभर बोलतात.

घरी येऊन प्रती लावल्या तर दोन्ही प्रतींत सोळानंतर थेट अठरावं पान. सतरावं गायब. माझ्या वहीत ते नीट होतं, दुकानदाराने छापलंच नव्हतं. परत जायचा मला अगदी कंटाळा आला. म्हटलं, जाऊ दे. त्या पानावरचा नियम मी नेहमी शेवटी सांगते, आणि शेवटापर्यंत कुणी पोचतच नाही. नियम असा आहे, की बंदरातलं गलबत बाहेरच्या गलबताला आपली जागा देऊ शकतं. देणारं बाहेर जातं. ते बुडत नाही, बादही होत नाही. दुसऱ्या कुणी आपली जागा देईपर्यंत ते बाहेरच थांबतं. पुढच्या डावातही ते तिथूनच सुरू होतं.

चार वाजता बसलो. मी लाल घेतलं, नम्रताने पिवळं आणि आनंदीबाईंनी निळं, कारण त्यांच्या पातळाला ते जुळत होतं.

"आनंदीबाई, तुम्ही नवीन आहात. पहिला डाव तुम्ही कच्चा लिंबू," मी म्हटलं. हीच माझी शिकवायची पद्धत. लहानपणी अंगणात आपण छोट्या भावंडांना करायचो तसं. कच्चा लिंबू खेळतो सगळं, पण चुकला तरी बाद होत नाही. त्याचं काही मोजायचं नाही. माणूस निर्धास्तपणे शिकतो.

आनंदीबाईंनी चकलीची बशी खाली ठेवली. "अडुसष्ट वर्षांची मी, नातवंडांची लग्नं ठरतायत, आणि मना कच्चा लिंबू करतंस? त्या खुर्चीला कर की!"

चौथी खुर्ची रिकामी होती. खेळ चौघांशिवाय होत नाही, म्हणून चौथ्याची पानं मीच वाटणार होते, आणि त्याचं गलबत वारा नेईल तसं सरळ हलवणार होते. वाद नको म्हणून म्हटलं, "बरं. खुर्ची कच्चा लिंबू."

"हिरवं उरलंय," नम्रता हळूच म्हणाली. "ह्यांचं."

मी हिरवं गलबत खुर्चीसमोर ठेवलं.

पहिली फेरी नेहमीसारखीच झाली. म्हणजे आनंदीबाईंनी माल न भरताच गलबत हाकलं, नम्रताने दोनदा पाळी सोडली आणि मी चार वेळा "आठवं पान बघा" म्हणाले. खुर्चीला दक्षिणेचा वारा आला. मी हिरवं गलबत सरळ दोन घरं नेऊन ठेवलं.

दुसऱ्या फेरीत माझी पाळी झाली आणि पाहते तर हिरवं तिथे नव्हतं. ते तिरकं सरकून मधल्या बंदरात होतं.

"हिरवं कुणी हलवलं?"

"मी नाही, आई."

"माझ्याकडे काय बघतंस? माझे हात चकलीत आहेत."

"पटाला कोपर लावू नका हो, आनंदीबाई. सांगून सांगून थकले."

"कोपर माझं इथं, गलबत तिथं. एवढं लांब कोपर देवाने मना दिलं असतं तर मी आंबे नसते काढले?"

नम्रता अकरा दिवसांत पहिल्यांदा हसली, म्हणून मी विषय सोडला.

तिसऱ्या फेरीला हिरव्या गलबतात मिठाचे पांढरे ठोकळे होते. ते मी ठेवले नव्हते. आणि खुर्चीला मी उलट्या वाऱ्याचं पान वाटलं होतं, तरी गलबत पुढे गेलं होतं, ठोकळ्यांतला एक पाण्यात टाकून. हा बाराव्या पानावरचा नियम. उलट्या वाऱ्यात माल टाकला की एक घर जास्त मिळतं. हा नियम मी सतरा जणांना शिकवला असेन. एकानेही कधी वापरला नाही.

मला भीती वाटायला हवी होती. पण आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. माझ्या सासऱ्यांनी अंगारे-धुपारे कधीच बंद केले. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. म्हटलं, नम्रता करतेय हे, मुद्दाम, नवऱ्याच्या वाट्याचं खेळतेय. चोरून का होईना, पुस्तक वाचलंय पोरीने.

"आनंदीबाई, बघा. त्याने कसं केलं बघा. तुम्हाला हेच सांगत होते."

"कोणी?"

"त्याने..." मी खुर्चीकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं.

नम्रताचे दोन्ही हात मांडीवर होते. फोन त्यांच्यात घट्ट धरलेला होता.

चौथ्या फेरीला आनंदीबाईंनी भरलेल्या बंदरात गलबत घुसवलं. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "राहू दे गो, कुठं खरं आहे!" नम्रताने पाळी नसताना पान ओढलं. आणि पलीकडे हिरवं मात्र नियमाला धरून, एकही चूक न करता, शांतपणे आपला माल उतरवत होतं. माझा तोल गेला.

"तुमच्या दोघींपेक्षा ती खुर्ची बरी!" मी म्हणाले. "आता हा कच्चा नाही. पक्का धरा. यापुढे त्याचं सगळं मोजायचं."

तेवढ्यात वीज गेली.

दिवस होता अजून, पण आभाळ भरून आलेलं आणि दिवेलागण जवळ आलेली. पंखा थांबला की घरातले बारीक आवाज ऐकू येतात. आम्ही राहतो नाचणे गावात. इथे समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही, अमावास्येच्या भरतीलासुद्धा नाही. पण पंख्याचं शेवटचं पातं थांबलं, आणि कुठूनतरी, खालून, फरशीच्याही खालून, एक लांब उसासा आला आणि मागे गेला. पुन्हा आला. आणि वास. डिझेलचा, ओल्या दोरखंडाचा, खारट गंजाचा. अमर घरी येतो तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्या बॅगेला येतो तसा.

आनंदीबाई बोलायच्या थांबल्या. मी त्यांना ओळखते त्याला वीस वर्षं झाली. त्या बोलायच्या थांबल्याचं मला आठवत नाही.

मी उठून मेणबत्ती लावली आणि पटाशेजारी ठेवली. डाव मोडावा असं तिघींनाही वाटत होतं. पण मोडायचा म्हणजे गलबतं उचलायची, आणि हिरव्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

पाचवी फेरी आम्ही भराभर उरकली. सहावीत मी, नम्रता आणि आनंदीबाई तिघीही बंदरांत शिरलो. तिन्ही जागा भरल्या. हिरवं माझ्या बंदराच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. वारा पडलेला. पुढे सरकायला जागा नाही, मागे जायला फेरी नाही.

"आई..." नम्रताचा आवाज कुजबुजीएवढा झाला होता. "एजंट असंच म्हणाला ना... बोट बंदराबाहेर थांबली आहे..."

वादळाचं पान गड्डीच्या तळाशी असतं. आता तेच एक उरलं होतं. ते उलटलं की उघड्या समुद्रातलं गलबत बुडणार. आणि आपण लाकडाचा खेळ खेळत नाही आहोत, एवढं त्या क्षणी तिघींनाही कळलेलं होतं.

"तो कच्चा लिंबूच आहे," मी घाईने म्हणाले. "खुर्ची कच्चा लिंबू. आपलं ठरलं होतं ना. तो बुडत नाही..."

आनंदीबाईंनी मान हलवली. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला. "तू पक्का केलास, आम्रपाली. एकदा पक्का केला की डाव संपेपर्यंत परत कच्चा होत नाय... लहानपणापासून तसंच आहे."

दोन तासांत त्या बाईने माझा एकही नियम लक्षात ठेवला नव्हता. लक्षात होता तो नेमका हा एक.

गड्डीवरचं शेवटचं पान हललं. खिडक्या बंद होत्या. पानाचा एक कोपरा हळूहळू वर यायला लागला, जसं कुणी नखाने उचलावं.

मी माझं लाल गलबत धरलं. "मी माझी जागा देते."

"असा नियम आहे?" नम्रताने विचारलं.

"आहे. सतराव्या पानावर."

लाल गलबत मी बंदरातून काढून उघड्या समुद्रात ठेवलं. हिरव्याला हात लावला नाही. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली, आणि सरळ झाली तेव्हा हिरवं आत होतं. मग पान आपोआप उलटून पडलं.

त्या आवाजाबरोबर वीज आली. पंखा फिरायला लागला आणि फरशीखालचा उसासा थांबला. आनंदीबाई चपला न घालताच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरचा फोन आला. आवाज खरवडल्यासारखा, पण त्याचाच. इंजिन बंद पडलं होतं. चार दिवस बंदराच्या तोंडाशी लाटांत हेलकावत होते, आत जागा नव्हती. शनिवारी अंधार पडताना आतली एक बोट बाहेर निघाली.

"चांगली आत सुरक्षित होती गं आई. एवढ्या वादळात उगीच बाहेर गेली. आमचा कॅप्टन म्हणाला, कोण वेडा आहे हा! पण तिच्यामुळे आम्हाला जागा मिळाली, दुसऱ्या बोटीने ओढून आत नेलं."

"कुठली बोट?" मी विचारलं.

"माहीत नाही. नंतर कुणालाच दिसली नाही. लाल रंगाची होती."

नम्रता फोन छातीशी धरून रडली. मीही रडले. आनंदीबाईंनी पेढे वाटले आणि शेजारात सांगितलं की डाव त्यांनीच वाचवला. मी पट आवरून खोका कपाटावर टाकला. लाल गलबत त्याआधी खोक्याच्या तळाला दोरीने बांधून टाकलं. का, ते विचारू नका.

तेव्हापासून मला नाचण्यात समुद्र ऐकू येतो. फक्त मला. आमटी अळणी झाली म्हणून नम्रता मीठ मागते, आणि माझ्या तोंडाला तीच आमटी खारट लागते. पहाटे उशी ओली असते. वयाचं असेल म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत.

दोन महिन्यांनी अमर सुट्टीवर आला. बारीक झालेला, पण हसतखेळत. मी खेळाचं नाव काढलं नाही. काल, शनिवारी दुपारी, मी बाजारातून आले तर त्याने खोका काढून पट मांडलेला. तिन्ही बंदरांत गलबतं होती, आणि हिरवं माझ्या जुन्या जागी. लाल मधे, समुद्रात. दोरी खोक्यात तशीच गाठ मारलेली पडली होती.

"तू मांडलंस असं?"

"मी खोका उघडला फक्त. बस आई, शिकव. तुझीच वाट बघत होतो."

मी बसले. हात पदराखाली घेतले. "पहिला डाव तू कच्चा लिंबू," मी म्हणाले.

तो हसला. "आता कशाला कच्चा? तूच पक्का केलास ना."

नम्रताने स्वयंपाकघरातून वळून पाहिलं. तिने त्याला काही सांगितलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होतं.

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच नाही का म्हणालीस? 'आता हा कच्चा नाही, पक्का धरा.' तुझाच आवाज होता." तो कपाळाला आठी घालून आठवू लागला. "फोनवर बोलली असशील. लाटांच्या आवाजात नीट ऐकू नव्हतं येत..." मग त्याचं लक्ष पटाकडे गेलं. "हे लाल तुझं ना? बाहेर का? थांब, मी सरकतो. तू ये आत."

सतरावं पान त्याने वाचलेलं नाही. वहीतून ते फाडून मी पाण्याच्या बंबात घातलं त्याला दोन महिने झाले. त्याचं बोट हिरव्या गलबतावर होतं.

"हात काढ," मी म्हणाले. "तसा नियम नाही."

या खेळाबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. मग वही उघडली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. सावकाश, एकेक ओळ दोनदा. कालची संध्याकाळ पाचव्या पानापर्यंत गेली. आज सकाळपासून नवव्यावर आहे. मधेच मी मागे जाते, पुन्हा समजावते. उद्या पहाटेच्या गाडीने त्याला मुंबईला निघायचंय, नव्या बोटीवर हजर व्हायला. तोवर नियम संपले नाहीत तर डाव सुरू होणार नाही. डाव सुरू झाला नाही तर जागा देता येत नाही, निदान मला तरी पुस्तकातून तसंच कळलं आहे.

तो जांभया देतोय. "आई, पुरे की. आधी खेळूया. खेळता खेळता कळेल."

"नाही," मी म्हणते. "आधी सगळे नियम."

तो हसतो, पण हात काढत नाही. हिरव्या गलबताचं लाकूड कोरडं आहे, मी दोनदा हात लावून पाहिलं. तरी त्याच्या बोटाखालून पटावर पाणी येतंय, आणि हळूहळू लाल गलबताच्या दिशेने पसरतंय.